ईदच्या फोटोतली पांढरी चमक

२०२४ ची रमजान ईद. दुपारची पाहुण्यांची वर्दळ ओसरली होती. मी शीरखुर्म्याचं पातेलं घासायला घेतलं होतं, तेवढ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी मुलाला कडेवर घेऊन सलाम करायला आली. मुलगा सात महिन्यांचा, नवरा जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. बाळ खांद्यावरच झोपून गेलं होतं, म्हणून तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. "आपा, हे बघा, चांदरातीला काढले." नवा कुर्ता, इवलीशी टोपी, दादीच्या मांडीवर बसलेलं गुटगुटीत बाळ. मी एकेक फोटो सरकवत गेले आणि एका ठिकाणी माझं बोट थांबलं. फ्लॅश मारून काढलेल्या तीन फोटोंत बाळाच्या डाव्या डोळ्याची बाहुली तांबूस दिसत होती, तशी ती सगळ्यांचीच दिसते. उजव्या डोळ्याची बाहुली मात्र पांढरी होती. मोत्यासारखी.

"फोन जुना झालाय," ती हसून म्हणाली. "सासूबाई म्हणतात, ईदचा चांद याच्याच डोळ्यात उतरला."

मला हसता आलं नाही. या मुलीबद्दलची एक गोष्ट मला ठाऊक होती, जी तिला स्वतःला ठाऊक नव्हती.

२०१० च्या जूनमध्ये ती आमच्या शाळेत पाचवीत आली. तिचा डावा डोळा खोटा आहे. लहानपणी विटीदांडू खेळताना विटी लागली, असं ती सगळ्या मैत्रिणींना सांगायची, कारण घरात तिला तेच सांगितलेलं होतं. नाव घालायला आली तेव्हा तिच्या अम्मीने मला बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. मुलगी दीड वर्षाची असताना डोळ्यात कॅन्सरची गाठ निघाली होती. मुंबईला नेऊन डोळा काढावा लागला, तेव्हा जीव वाचला. "पोरीची जात आहे आपा, उद्या रिश्ते यायचे. ही गोष्ट तुमच्याजवळ अमानत." मी अमानत सांभाळली. मुलीला वर्गात अगदी डाव्या कडेच्या बाकावर बसवलं, म्हणजे फळा आणि सगळा वर्ग तिच्या उजव्या डोळ्यासमोर येईल. एवढं केलं आणि आपण फार समजूतदार शिक्षिका आहोत असं मनाशी मानून घेतलं. चौदा वर्षं मी ती गोष्ट जपली, पण त्या चौदा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की हा आजार तिच्या पोटच्या मुलालाही होऊ शकतो.

ईदच्या रात्री झोप लागली नाही. सकाळी आधी तिच्या अम्मीकडे गेले, मग दोघी मिळून मुलीकडे गेलो. ते सांगणं कसं झालं ते इथे लिहीत नाही. तिचं एक वाक्य तेवढं लिहिते, कारण ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ती म्हणाली, "मला माहीत असतं, तर चौथ्या महिन्यातच मी ऐकून घेतलं नसतं." चौथ्या महिन्यात बाळाचा उजवा डोळा थोडा तिरळा दिसायला लागला होता. ती त्याला एका दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथे सांगितलं, लहान आहे, मोठा झाला की आपोआप सरळ होईल. विटी लागून डोळा गेलेल्या बाईला यात शंका घेण्यासारखं काय वाटणार?

त्याच आठवड्यात जालन्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी थेंब टाकून बाळाच्या बाहुल्या मोठ्या केल्या, आत पाहिलं आणि लगेच पुढे जायची चिठ्ठी दिली. उजव्या डोळ्यात मोठी गाठ होती. फोटोत निर्दोष दिसलेल्या डाव्या डोळ्यातही एक बारीक गाठ होती.

या आजाराचं नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं, त्या पडद्याच्या कोवळ्या पेशींतून ही गाठ वाढते. आजार दुर्मिळ आहे. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. जगात दरवर्षी अंदाजे ८,००० मुलांना, त्यातली दीड ते दोन हजार एकट्या आपल्या देशातली. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात, कारण पडद्याच्या या पेशी अगदी लहान वयातच वाढत असतात, पुढे त्यांची वाढ थांबते. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, खातं-पितं, खेळतं. म्हणूनच आजार लपून राहतो. दिसतं ते इतकंच: बाहुलीत पांढरी चमक, मांजराच्या डोळ्यासारखी. ही चमक कधी मंद उजेडात दिसते, कधी फ्लॅशच्या फोटोत. दुसरी खूण म्हणजे तिरळेपणा. आजार पुढे गेला की डोळा लाल होतो, सुजतो, बाहेर येतो. तोपर्यंत वाट पाहणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

घाबरून जाऊ नये म्हणून हेही सांगते. प्रत्येक पांढरी चमक म्हणजे कॅन्सर नव्हे. बाळाने विशिष्ट कोनात पाहिलं तर निरोगी डोळाही फोटोत पांढरा येतो. जन्मजात मोतीबिंदूतही बाहुली पांढरी दिसते. पण मोतीबिंदू असला तरी लहान बाळाला तो लवकर काढून घ्यावाच लागतो. मग थांबायचं कशासाठी? चमक दिसली की त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जायचं आणि थेंब टाकून तपासणी करा असं तोंडाने मागायचं. नुसता टॉर्च मारून "ठीक आहे" म्हटलं तर उठायचं नाही.

आता या आजाराचा जो भाग मला चौदा वर्षं ठाऊक नव्हता, तो.

आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून आलेला एक आणि वडिलांकडून आलेला एक, असे गुणसूत्रांचे दोन संच असतात. तेराव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्याला आरबी-वन म्हणतात. पेशींची वाढ आवरून धरणं हे त्याचं काम. घराच्या दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या असाव्यात तसं समजा. एक निखळली तरी दुसरी दार धरून ठेवते. दोन्ही निखळल्या तर चोर आत शिरतो. ज्या मुलाच्या सगळ्या पेशींत दोन्ही कड्या शाबूत असतात, त्याच्या डोळ्यातल्या एकाच पेशीत दोन्ही कड्या योगायोगाने तुटणं फार कठीण. तरी क्वचित तसं होतं. मग एका डोळ्यात, एकच गाठ होते, तीही जरा उशिरा. ती पुढच्या पिढीत जात नाही. दर दहा मुलांतली सुमारे सहा अशी असतात.

उरलेल्या चारांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराची एक कडी जन्मापासूनच तुटलेली असते. पडद्यावर अशी लाखो घरं. त्यांतल्या एखाद्या घराची दुसरी कडी तुटायला किती वेळ लागणार? म्हणून अशा मुलांना आजार लवकर होतो, बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो आणि एकाहून जास्त गाठी होतात. ही तुटकी कडी पोटच्या मुलाकडे जाण्याची शक्यता प्रत्येक बाळंतपणात निम्मी असते. मुलगा असो की मुलगी, फरक नाही. आणि ज्याच्याकडे ती गेली त्यातल्या बहुतेकांना, दहांपैकी नवांना, आजार होतोच.

आमच्या मुलीसारखी उदाहरणं यात सगळ्यात फसवी. तिचा एकच डोळा गेला होता. दोन्ही डोळ्यांत गाठ असेल तर आजार आनुवंशिकच असतो, हे डॉक्टर लगेच सांगतात. पण एकाच डोळ्याचा आजार असलेल्या शंभरांतल्या सुमारे पंधरा मुलांतही ती तुटकी कडी जन्मजात असते. ती त्या पंधरांतली होती.

हे कोडं डॉक्टरांनाही एका दिवसात उलगडलं नाही. १८०९ मध्ये एडिंबरोच्या जेम्स वॉर्ड्रॉप यांनी सांगितलं होतं की असा डोळा वेळेत काढला तर जीव वाचू शकतो. पण तेव्हा मुलं वाचतच नव्हती, मग त्यांची मुलं कुठून दिसणार? १८७२ मध्ये ब्राझीलच्या इलारिओ द गोव्हेआ नावाच्या डॉक्टरांनी एका मुलाचा डोळा काढला. तो जगला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि त्याच्या दोन मुलींना दोन्ही डोळ्यांत हाच आजार झाला. इलाज यशस्वी झाला म्हणून वारसा दिसला. हे वाचलं तेव्हा मला जालन्यातलंच एक घर आठवत होतं. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ मुलांच्या नोंदी समोर ठेवून, नुसत्या आकडेमोडीने, दोन कड्यांचा हा हिशेब मांडला. तेव्हा ते जनुक कुणी पाहिलेलंही नव्हतं. ते सापडलं १९८६ मध्ये. कॅन्सरला आवर घालणारं माणसाच्या हाती लागलेलं ते पहिलं जनुक. मुलांना गणित शिकवताना मी नुडसन यांचं उदाहरण आता आवर्जून देते.

आपल्याकडे मात्र बातमी मोहल्ल्यात पसरली आणि कारणं सापडायला एक दिवसही लागला नाही.

एमआयडीसीच्या चाळीत म्हणाले, बाप भट्टीसमोर उभा राहतो, त्या लालभडक लोखंडाची आग लेकराच्या डोळ्यात उतरली. बापाच्या डोळ्यावर पडलेला उजेड लेकराच्या डोळ्यात गाठ करत नाही. या बाळाची तर रक्ततपासणी झाली आहे आणि त्याची तुटकी कडी आईकडून आली हे कागदावर लिहून आलं आहे. नात्यातले म्हणाले, नानी आणि नाना आत्ये-मामे भावंडं, नात्यातल्या लग्नाचं हे फळ. मी स्वतः नात्यातल्या लग्नांच्या बाजूची नाही. थॅलेसेमियासारख्या आजारांत, जिथे आई आणि वडील दोघांकडूनही बिघाड यावा लागतो, तिथे नात्यातलं लग्न धोका वाढवतं. पण रेटिनोब्लास्टोमात एकाच बाजूची तुटकी कडी पुरते. इथे नात्यातल्या लग्नावर बोट ठेवणं चूक आहे, आणि बरोबर विरोधासाठीही चुकीचं उदाहरण देऊ नये.

तिसरं कारण मात्र कुणी बोललं नव्हतं. ते नानीने तेवीस वर्षं मनात ठेवलं होतं. हैदराबादच्या डॉक्टरांकडून परत येताना, गाडीत, तिने ते मला सांगितलं. ११ ऑगस्ट १९९९ रोजी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. तेव्हा ती पोटुशी होती. सासूने बजावलं होतं, ग्रहणात सुरी हातात धरू नको. पण घरात पाहुणे आले आणि हिने कांदा चिरला. जानेवारीत मुलगी झाली, पुढच्या वर्षी डोळा गेला. "मीच चिरला आपा, माझ्या लेकीचा डोळा." तेवीस वर्षं या बाईने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

हजरत पैगंबरांचे चिमुकले पुत्र इब्राहिम वारले त्या दिवशी ग्रहण लागलं होतं आणि लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले होते. पैगंबरांनी तो संबंध स्वतः नाकारला. ही गोष्ट आपल्या घरांत सगळ्यांना पाठ असते. आणि तरीही आपल्याच घरांत पोटुशी बाई ग्रहणाच्या दिवशी सुरीला घाबरते. मी नानीला ती गोष्ट सांगितली आणि डॉक्टरांनी समजावलेलं पुन्हा सांगितलं. आनुवंशिक प्रकारच्या मुलांतही बहुतेकांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. तुटकी कडी त्या मुलापासूनच सुरू होते. आणि अशी नवी तुटलेली कडी बहुतेक वेळा वडिलांकडून आलेल्या प्रतीत असते. शरीरात शुक्रपेशी अखंड तयार होत असतात, एवढी नक्कल करताना एखादी चूक राहून जाते. यात वडिलांचाही दोष नाही. पण डोळ्यात व्यंग असलेलं मूल झालं की आजवर बोट फक्त बाईच्या पोटाकडे रोखलं गेलं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. नानी, नाना दोघांचीही रक्ततपासणी झाली. दोघांतही तो बदल नाही. ग्रहणाचा कांदा त्या दिवशी खाली ठेवला गेला असावा, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही, मन इतकं सरळ नसतं.

मराठी माणसाला हा आजार पहिल्यांदा दाखवला तो 'श्वास' या चित्रपटाने. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला, आणि मुळाशी पुण्यात घडलेली खरी घटना. कोकणातले आजोबा नातवाला, परशुरामला, शहरात दाखवायला आणतात आणि कळतं की जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे नातू. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेतात, जग एकदा डोळे भरून दाखवतात. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला या चित्रपटामुळे मिळाला आणि भारताने तो ऑस्करसाठी पाठवला. मी तेव्हा बीएड करत होते. आम्ही सगळ्या मैत्रिणी रडत बाहेर पडलो होतो.

आज मी 'श्वास' वेगळ्या डोळ्यांनी पाहते. दोन्ही डोळ्यांत गाठ, म्हणजे आजार जन्मजात. मग परशुरामला धाकटं भावंड झालं तर? तो स्वतः मोठा होऊन बाप झाला तर? चित्रपटाचा तो विषय नव्हता, त्यात त्याची चूक नाही. पण आपण प्रेक्षक रडलो आणि घरी गेलो. इतका गाजलेला चित्रपट पाहूनही माझ्या वर्गातल्या मुलीबद्दल मला तो प्रश्न पडला नाही, हा दोष माझा.

चित्रपटाच्या काळापासून इलाज बराच पुढे आला आहे. तेव्हाही आणि आताही गाठ फार वाढलेली असेल तर डोळा काढावा लागतो, कारण डोळ्यामागच्या नसेतून कॅन्सर मेंदूकडे जातो. डोळा काढायचं म्हटलं की आपल्याकडे घरच्यांची बैठक बसते, कुणी पीरबाबांकडे नेतं, कुणी दुसऱ्या गावच्या हकिमाचं नाव सांगतं, महिना जातो. तो महिना बाळाचा असतो, आपला नसतो. पण गाठ लहान असताना कळली तर लेझरने जाळता येते, गोठवून मारता येते, केमोथेरपीने आकसवता येते. औषध थेट डोळ्याच्या धमनीत सोडायचीही सोय आता आहे. डोळ्याला बाहेरून चिकटवायची किरणोत्सारी चकती भाभा अणुसंशोधन केंद्राने इथेच बनवली आहे. पूर्वी बाहेरून मोठे किरण द्यायचे. आनुवंशिक प्रकारच्या मुलांना पुढे त्यातून दुसरे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो हे लक्षात आल्यापासून ते शक्यतो टाळतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: या आजारात सुई घालून गाठीचा तुकडा काढत नाहीत, त्याने कॅन्सर पसरू शकतो. निदान डोळ्यात पाहून होतं. म्हणून अनुभवी ठिकाणीच जायचं.

वेळेत कळण्याचा फरक किती असतो, याचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांचा. श्रीमंत देशांत मूल सरासरी चौदा महिन्यांचं असताना निदान झालं होतं, गरीब देशांत तीस महिन्यांचं झाल्यावर. श्रीमंत देशांत शंभरांतल्या एक-दोन मुलांतच कॅन्सर डोळ्याबाहेर गेलेला होता. सर्वांत गरीब देशांत जवळपास निम्म्या मुलांत. आजार तोच, औषधंही तीच. मधले सोळा महिने तेवढे वेगळे.

आपल्या बाळाचे कमी-जास्त सहा-सात महिने वाचले. जालन्याहून देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला मुंबईला जाते, दुसऱ्या बाजूला हैदराबादकडे. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था. त्यांना हैदराबाद सोयीचं पडलं, तिथे भाषेचीही अडचण नव्हती. सहा वेळा केमो, दर वेळी तीन-चार आठवड्यांचं अंतर, मधून मधून लेझर. बापाने मिलमध्ये रात्रपाळी मागून घेतली, दिवसा धावपळ करता यावी म्हणून. बाळाचे केस गेले, पुन्हा आले. आज उजवा डोळा जागेवर आहे, त्याने त्याला आकार दिसतात. डाव्याने तो जमिनीवरची मुंगी पकडायला धावतो.

पैशांबद्दल विचारतील म्हणून सांगते. महाराष्ट्रात महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात कॅन्सरचे उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार हाताशी ठेवा. एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची पुष्कळ बिऱ्हाडं आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असेल, त्यांना ते दुसऱ्या राज्यातही चालतं. दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी आरोग्यमित्राला भेटायचं, नंतर नव्हे. या एका गोष्टीत आमची पहिली खेप वाया गेली. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही फोटो दाखवता येतो.

पण इलाजापेक्षा कठीण भाग पुढचा आहे.

एका मुलात हा आजार निघाला की डॉक्टर सगळ्या घराची माहिती मागतात. आई-वडिलांचे डोळे तपासतात, कारण कधी कधी त्यांच्या पडद्यावर आपोआप सुकून गेलेल्या गाठीचा डाग सापडतो. भावंडांचे डोळे तपासतात. रक्ताची तपासणी करून तुटकी कडी नेमकी कुठे आहे ते शोधतात. ती सापडली की घरातल्या बाकीच्यांत ती आहे की नाही, हे ठामपणे सांगता येतं. ज्याच्यात नाही तो मोकळा, त्याच्या मुलांना काही धोका नाही. ज्याच्यात आहे त्याच्या बाळाचा डोळा जन्मल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत पाहायचा, सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, मग हळूहळू अंतर वाढवत वयाच्या सातव्या वर्षापर्यंत. बाळ थोडं मोठं झालं की भूल देऊन तपासावं लागतं. कंटाळवाणं आहे, खर्चाचं आहे. पण अशा तपासणीत गाठ मोहरीएवढी असताना सापडते आणि तेव्हा लेझरच्या एक-दोन बैठकांत काम भागू शकतं.

आणि बरी झालेली मुलगी? तिच्या अंगात ती तुटकी कडी आयुष्यभर असते. हाडांचा, स्नायूंचा, त्वचेचा कॅन्सर होण्याचा धोका तिला इतरांपेक्षा जास्त. एखाद्या हाडात दुखणं राहून गेलं, कुठे गाठ आली, तीळ बदलला, तर तिने थांबायचं नाही, डॉक्टरांना आपला जुना आजार सांगायचा. विनाकारण सीटी स्कॅन करायचा नाही. तंबाखू-मिश्रीपासून दूर राहायचं. पण आपल्या डोळ्याला विटी लागली होती असं समजणारी मुलगी डॉक्टरांना काय सांगणार? आमच्या मुलीला वयाच्या चोविसाव्या वर्षी हे पहिल्यांदा कळलं.

आपण लपवतो कारण रिश्त्याची भीती असते. ही भीती खोटी नाही, मी तिला नावं ठेवणार नाही. दोन मुलींची लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत, एकीला फिट येत होत्या, दुसरीच्या भावाला. तिच्या सासरीही हे कळल्यावर पंधरा दिवस अबोला होता. सासू म्हणाली, "आमच्याशी धोका झाला." तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. निकाहच्या वेळी कळलं असतं तर त्यांनी नकार दिला असता का, हे त्यांनाही आज सांगता येत नाही. नवऱ्याने मात्र पहिल्याच दिवशी एवढंच विचारलं होतं, "कुठे न्यायचं ते सांगा." सासू अजूनही पुरती मोकळी झालेली नाही, पण केमोच्या सहा खेपांपैकी चार खेपांना बाळाला मांडीवर घेऊन तीच बसली होती.

आमच्या भागाचं नाव बियाण्यांसाठी घेतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे बियाण्यांची कंपनी काढली, तेव्हापासून शेतकरी पिशवीवरचा कागद वाचल्याशिवाय दाणा पेरत नाही. बी कोणत्या वाणाचं, नर कुठला, मादी कुठली, उगवण किती, सगळं विचारतो. बायोडेटात मात्र आपण रंग, उंची, शिक्षण आणि पगार लिहितो.

यंदा जानेवारीत तिच्या धाकट्या बहिणीला पाहायला मंडळी आली होती. चहा झाला, फोटो पाहून झाले. मग नानी स्वतःहून बोलली. थोरल्या मुलीच्या डोळ्याला काय झालं होतं, नातवाला काय झालं, सगळं सांगितलं. धाकटीच्या रक्ततपासणीचा कागद ट्रंकेतून काढून त्यांच्यासमोर ठेवला. तो कागद इंग्रजीत होता. मुलाच्या चाचांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे दिला. मी वाचून सांगितलं: हिच्यात तो बदल नाही. त्यांनी कागदाचा फोटो काढून नेला आणि म्हणाले, घरी विचार करून कळवतो.

अजून निरोप आलेला नाही. बाळाची पुढची तपासणी बावीस तारखेला आहे, देवगिरीची तिकिटं काढून झाली आहेत.